घास जठरात पोचेपर्यंत: स्वतःवरच करून पाहा

सहावीला पचनसंस्था शिकवताना फळ्यावरची आकृती मी अगदी शेवटी काढते. आधी प्रत्येकाच्या हातात उकडलेल्या बटाट्याची एक फोड, बिनमिठाची.

फोड तोंडात टाकायची, पण गिळायची नाही. निदान दोन मिनिटं नुसतं चावायचं. मुलं हसतात, एखादा चुकून गिळून टाकतो, त्याला दुसरी फोड. मग हळूहळू बटाटा गोडसर लागू लागतो. लाळेतलं अमायलेज (पुस्तकात त्याला टायलिनही म्हणतात) हे विकर (एन्झाइम) बटाट्यातलं पिष्ट (स्टार्च) तोडून माल्टोज ही शर्करा बनवत असतं.

लाळ येते कुठून? वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतून जीभ फिरवा. बारीकसा उंचवटा लागेल. कानापुढच्या लाळग्रंथीची नळी तिथे उघडते. अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आणि बऱ्याच बारीक ग्रंथी मिळून दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ सोडतात. हा आकडा ऐकून वर्गात 'ईऽऽ' होतंच.

चव ज्याला पटत नाही त्याच्यासाठी आयोडीन. कपभर पाण्यात पाव चमचा कॉर्नफ्लोअर उकळा, कोमट होऊ द्या, दोन ग्लासांत ओता. एकात चमचाभर लाळ घालून ढवळा. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचा एकेक थेंब टाका. पिष्टामुळे साधा ग्लास निळा-काळा होतो; लाळेच्या ग्लासातलं पिष्ट तुटलेलं असतं, म्हणून तो फिका राहतो. नंतर दोन्ही ओतून द्या, चाखू नका. पहिल्या वर्षी मी घाईने गरम द्रावणातच लाळ घातली आणि दोन्ही ग्लास काळे! उष्णतेने विकर निकामी झालं होतं. सगळ्या वर्गासमोर फजिती झाली, पण विकरांचा धडा त्या दिवशी वेगळा शिकवावा लागला नाही.

आता गिळणं. गळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर बोटं ठेवून आवंढा गिळा. तो झटकन वर जाऊन खाली येतो. तेवढ्यात स्वरयंत्राचं तोंड झाकलं जातं आणि श्वास क्षणभर थांबतो. जेवताना बोलू नका म्हणतात ते यासाठीच.

पुढे अन्ननलिका, साधारण २५ सेंटिमीटर. ती स्वतः काहीच पचवत नाही, फक्त घास ढकलते. घासामागचे स्नायू आवळतात, पुढचे सैल पडतात, आणि ८-१० सेकंदांत घास जठराच्या दाराशी. ढकलणारे स्नायू असल्यामुळे आडवं पडूनही घास खाली जातो. (हे करून पाहायला मी मुलांना सांगत नाही, ठसका लागतो.) खालच्या टोकाची स्नायूंची कडी घासापुरती सैल होते आणि पुन्हा आवळते. ती नीट आवळली नाही की आम्ल वर येतं आणि छातीत जळजळतं.

"मग जठरात गेल्यावर लाळेचं काम संपलं?" हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं. लगेच नाही. आम्ल घासाच्या गाभ्यापर्यंत मुरेपर्यंत आतलं अमायलेज पिष्ट तोडतच राहतं.