अमृत कोकम, पाक न करता

रातांबे (कोकमाची ताजी फळं) धुऊन फडक्याने अगदी कोरडे करा. ओल राहिली तर सरबत आंबतं. अर्धे कापून बिया काढा (टाकू नका, त्यांचं कोकमतेल निघतं). सालीच्या प्रत्येक अर्ध्या वाटीत साखर दाबून भरा, काचेच्या बरणीत थरावर थर लावा. १ किलो सालींना २ किलो साखर. इथे हात आखडला की बुरशी आलीच. ॲल्युमिनियम-पितळेचं भांडं नको, आंबट रस धातूला खातो. तोंडाला फडकं बांधून ७-८ दिवस उन्हात ठेवा, रोज हलवा. साखर विरघळून जांभळट लाल रस सुटला की गाळा.

एक भाग रसाला पाच भाग गार पाणी, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. सोडा घालायचा तर मीठ-जिरं आधी रसातच ढवळा आणि सोडा शेवटी हळूहळू ओता, नाहीतर अर्धा पेला ओट्यावर. उरलेल्या साली वाळवा. आमच्याकडे त्या बरणीत पोचतच नाहीत.