जुन्या गाडीच्या व्हॅक्यूम नळ्या बदलताना

आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं हळू चालणं) वर-खाली होतंय, बॉनेट उघडलं की कुठून तरी बारीक ‘सुस्स’ ऐकू येतंय, ब्रेक पेडल जड लागतंय. अशा वेळी कार्ब्युरेटर खोलायच्या आधी व्हॅक्यूमच्या नळ्या बघा. पेट्रोल इंजिन हवा आत घेताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यांत) जी ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होते, तिच्यावर ब्रेक बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा डबा) आणि डिस्ट्रिब्युटरचा अ‍ॅडव्हान्स (प्लगची ठिणगी गरजेप्रमाणे आधी पाडणारी यंत्रणा) चालतो. नळी फाटली की फुकटची हवा आत शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. डिझेल गाडीत या कामाला बहुतेक वेळा वेगळा व्हॅक्यूम पंप असतो.

पहिली तपासणी ब्रेकची. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली बसलं पाहिजे. नाही बसलं, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

व्हॅक्यूम गेज असेल तर मॅनिफोल्डला जोडा. समुद्रसपाटीजवळ चांगलं इंजिन आयडलला साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे इंच, ओढ मोजायचं माप) दाखवतं आणि सुई स्थिर राहते. उंचावर दर 1000 फुटांमागे एखादा इंच कमी धरा.

आता इंजिन थंड असताना एकेक नळी बोटांनी वाकवून बघा. मधला भाग धडधाकट दिसतो, पण निपलवर चढणारं टोक वाकवलं की केसासारख्या भेगा उघडतात. तिथेच नीट बघा. तरी सापडलं नाही, तर इंजिन चालू करून सांध्यांवर थोडं साबणाचं पाणी फवारा. ज्या जागी फवारल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो, तिथे गळती. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींवर पाणी नको, पंख्याजवळ सैल बाही नको, आणि पेट चटकन घेणारे स्प्रे तर अजिबात नकोत.

सुटं करण्याआधी फोटो काढा आणि एका वेळी एकच नळी बदला. जुनी नळी ओढू नका, ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढा. मी एकदा घाईत ओढली आणि प्लास्टिकचं निपल मोडून हातात आलं. पाच मिनिटांचं काम दोन दिवस लांबलं.

नवी नळी आतल्या व्यासाने मोजून, व्हॅक्यूमसाठीच बनवलेली घ्या. साधी मऊ नळी गरम झाली की ओढीने आत दबते. बूस्टरला तर त्याच्यासाठीचीच जाड नळी हवी, तिथे तडजोड करू नका. बसवताना तेलाऐवजी पाण्याचा थेंब लावा.

बूस्टरचा चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) काढून फुंकून बघा: बूस्टरच्या बाजूने हवा गेली पाहिजे, इंजिनच्या बाजूने अडली पाहिजे. अ‍ॅडव्हान्सचा पडदा तपासायला त्याच्या नळीला गेज असलेला व्हॅक्यूमचा हातपंप लावून 15 इंच ओढ द्या. काटा मिनिटभर टिकला नाही, तर पडदा फाटलाय. डिझेल गाडीच्या नळीत इंजिन ऑइल दिसलं, तर पंपही तपासून घ्या, कारण ऑइलने बूस्टरमधलं रबर फुगतं.

शेवटी आयडलचा वेग ठरवणारा आयडल स्क्रू. गळती झाकायला तो आधी कुणीतरी वाढवून ठेवलेला असतो, त्यामुळे आता आयडल जास्त लागेल. तो ठरलेल्या आकड्यावर आणा आणि पेडलची तपासणी पुन्हा करून मगच गाडी बाहेर काढा.