बेळगावहून दूधसागर: पावसात रेल्वेने, दिवाळीत जीपने

जुलैत व्हॉट्सअ‍ॅपवर दूधसागरचे व्हिडिओ फिरू लागले की बेळगाव-खानापुरातली पोरं गाड्या काढतात आणि गोव्यातल्या पायथ्याच्या कुळे गावातून हात हलवत परत येतात. ३१० मीटरचा हा धबधबा गोव्याच्या भगवान महावीर अभयारण्यात, मोले राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतो. पायथ्याकडे जाणारी जीपवाट ओढे ओलांडत जाते. पावसाळ्यात हे ओढे ओलांडताच येत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबर जीप बंद.

त्या दिवसांत धबधबा रेल्वेच्या खिडकीतूनच बघायचा. लोंढ्यापुढे कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २५ किलोमीटरचा घाट आहे. चढ १:३७, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर, त्यामुळे गाडी संथ चालते आणि रूळ धबधब्याला छेदूनच जातात. तिकीट काढण्याआधी गाडीची कॅसलरॉक आणि कुळ्याची वेळ तपासा. गाडी रात्री घाट उतरणार असेल तर तिकिटाचे पैसे पाण्यात. ब्रेक तपासायला गाडी मध्ये थांबली तरी खाली उतरू नका, कॅसलरॉकहून रुळांवरून चालत तर मुळीच जाऊ नका. बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते. शिवाय रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पायथ्याशी जायचं तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर. पाणी भरपूर असतं आणि जीपही चालू. मार्चनंतर धार बारीक होते. एवढ्या लांब फक्त तेवढ्यासाठी जाण्यात अर्थ नाही.

पहाटे पाचला निघा. रस्ता खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड घाट, मोले, कुळे असा. चोर्ला घाटाने वळसा पडतो. टाकी खानापुरातच भरा. अनमोडला धुकं आणि अवजड ट्रक, तेव्हा वळणावर ओव्हरटेक नको. आठच्या आत कुळ्याच्या जीप काउंटरवर पोहोचलात तर बरं. शनिवार-रविवारी आणि नाताळात रांग भलतीच वाढते. स्वतःची गाडी आत नेता येत नाही. एका जीपमध्ये सात जण बसतात. कमी असाल तर दुसऱ्यांबरोबर बसा, नाहीतर पूर्ण जीपचे पैसे भरा. रोख रक्कम आणि ओळखपत्र जवळ ठेवा, कारण रेंजचा भरवसा नाही.

जीप थांबते तिथून धबधब्यापर्यंत दगडगोट्यांतून चालावं लागतं. पट्ट्याची रबरी सँडल सगळ्यात चांगली. साधी चप्पल शेवाळावर घसरते आणि कापडी बूट पाणी पिऊन जड होतात. माकडं प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज बरोबर ओळखतात, म्हणून खाऊ चेनच्या सॅकमध्ये ठेवा आणि त्यांच्यासमोर काढू नका. जळू लागली तर ओढू नका. तिच्या तोंडाजवळ नख सरकवून सोडवा.

डोहात उतरताना लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळा. पट्टा सैल असला की जॅकेट वर सरकतं आणि डोकं पाण्याखाली जातं. पोहणाऱ्यांनाही हे लागू: डोह खोल आहे आणि धारेखालचं पाणी खाली खेचतं. खाली ऊन असलं तरी घाटमाथ्यावर पाऊस झालेला असू शकतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर सामानाचा विचार न करता आधी उंच खडकावर चढा.

दुपारी वेळ उरला तर तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेव मंदिर मोल्याहून जवळ आहे. मात्र अंधार पडायच्या आत अनमोड चढायला लागा. आणि गोव्याची बाटली परवान्याशिवाय डिकीत टाकू नका, तपासनाक्यावर गाडी उघडून बघतात.