दोन टनांची एसयूव्ही ट्रॅकवर नेण्याआधी: ब्रेकची तयारी

ताशी १८० वरून ६० वर दोन टनांची गाडी आणायची, तर ब्रेकना सुमारे २२ लाख ज्यूल उष्णता पोटात घ्यावी लागते. साडेसात लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला येईल एवढी ही उष्णता, आणि तीही चार-एक सेकंदांत. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या रेसट्रॅकची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची. तिथल्या किलोमीटरहून लांब सरळ रस्त्याच्या शेवटी हेच करायचं असतं, दर फेरीला. जळगाव-धुळे रोज ये-जा करणाऱ्या गाडीवर असा प्रसंग वर्षानुवर्षं येत नाही. त्यामुळे पोर्शे मकान असो वा बीएमडब्ल्यू एक्सथ्री, रस्त्यावर ब्रेक झकास लागतात हा ट्रॅकसाठी पुरावा धरू नका.

सुरुवात महिनाभर आधी करा, कारण ट्रॅकला चालतील असे पॅड आपल्याकडच्या दुकानात सहसा नसतात, पुण्या-मुंबईहून मागवावे लागतात. मागवताना चॅसी नंबर द्या. एकाच मॉडेलला वर्षाप्रमाणे आणि व्हेरियंटप्रमाणे वेगळे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) असतात, आणि चुकीचे पॅड परत पाठवण्यातच आठवडा जातो.

मग चारही चाकं उतरवून तपासणी. बाहेरचा पॅड चाकाच्या फटीतूनही दिसतो. बघायचा असतो आतला, तो बऱ्याचदा आधी झिजलेला निघतो. जाडी निम्म्याखाली आली असेल तर ते पॅड ट्रॅकवर नेऊ नका. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. ती मायक्रोमीटरने मोजा, नुसत्या नजरेवर सोडू नका. कडेपर्यंत गेलेली चीर दिसली तर डिस्क बदलायची. सरकते कॅलिपर असतील तर पिना काढून साफ करून घ्या. आपली काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन आणि उन्हाळ्यात धूळ होऊन आत शिरते. पिन जाम झाली की एकच पॅड सगळा भार घेतो आणि तोच आधी तापतो. पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साधं नको.

सर्वांत जास्त लक्ष ब्रेक ऑइलकडे द्या, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. हे तेल हवेतला ओलावा ओढतं. नव्या डॉट ४ चा (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल मऊ पडत थेट तळाला जातं. दोन पावसाळे काढलेलं तेल घेऊन ट्रॅकवर जाणं मला अजिबात मान्य नाही. रेसिंगसाठीचं डॉट ४ घ्या, ज्याचा कोरडा, म्हणजे ओलावा मुरण्याआधीचा, उत्कलनबिंदू तीनशेच्या वर असतो, आणि सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ५.१ चा तो भाऊ नव्हे. ते या गाडीत घालायचं नाही. तेल बदलून नळीतली हवा काढताना मोठ्या फिक्स्ड, म्हणजे न सरकणाऱ्या, कॅलिपरला आत-बाहेर मिळून दोन निपल असतात, मिस्त्रींना दोन्ही उघडायला लावा. एबीएस युनिटमध्ये हवा गेली असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय ती निघत नाही.

नवे पॅड बसवले की ते डिस्कवर बसू द्यायचे. पहाटे मोकळा चौपदरी रस्ता धरा. मागे कोणी नाही हे पाहून शंभरवरून तीसपर्यंत दमदार ब्रेक आठ-दहा वेळा लावा, गाडी पूर्ण थांबू न देता. नंतर ब्रेकला हात न लावता पंधरा मिनिटं चालवून थंड करा. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

ट्रॅकवर चाकांचे नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर घट्ट करा आणि प्रत्येक सत्रानंतर पुन्हा तपासा. सत्र छोटं ठेवा, शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता काढा. पिटमध्ये आल्यावर पेडल दाबून उभं राहू नका, हँडब्रेकही नको: तापलेला पॅड डिस्कवर ठसा सोडतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. पी मध्ये टाकताच इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आपोआप लागत असेल तर ती सोय बंद करा. गाडी सरकू नये म्हणून चाकामागे ठोकळा ठेवा. पेडल मऊ झालं तर तेल उकळलंय. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड फेड झालेत, म्हणजे तापून त्यांची पकड गेलीय. दोन्हींत सत्र तिथेच संपवायचं.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते. आपण गाडी ट्रेलरवर नेत नाही, त्याच गाडीने हजार-एक किलोमीटर परत येतो. ग्वाल्हेर, इंदूर, सेंधवा, आणि मग बिजासन घाटाचा उतार. याच रस्त्यावर पळासनेरला जुलै २०२३ मध्ये ब्रेक निकामी झालेल्या ट्रकने किमान दहा माणसांचा जीव घेतला. म्हणून हिशोब उलटा मांडा: घाट उतरताना किती पॅड हवा ते आधी ठरवा, उरलेला ट्रॅकसाठी. रस्त्यावरचे पॅड आणि हत्यारं डिकीत असू द्या. परतायच्या आदल्या संध्याकाळी ते बदलून घ्या, कारण पक्के ट्रॅक पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. तेल गडद झालं असेल किंवा पेडल लांब जात असेल तर तिथेच पुन्हा हवा काढा. त्यासाठी तेलाचा एक सीलबंद डबा जास्तीचा न्या. घाटात मॅन्युअल मोडवर खालचा गियर टाका, इंजिनला गाडी धरू द्या.

घरी आल्यावर त्याच आठवड्यात चाकं पुन्हा उतरवा. कॅलिपरचे रबरी बूट करपले, तडकले आहेत का ते बघा, आणि रेसिंगचं तेल पावसाळ्यापूर्वी बदलून टाका.