घरामागचे वीस गुंठे: शेळ्या, कोंबड्या आणि परसबाग सांभाळताना या चुका टाळा

दोडक्याचा वेल माना टाकतो, म्हणून माणूस पाणी वाढवतो, आणि जमिनीत हुमणीची अळी मुळं कुरतडत असते. अंडी कमी झाली की महागाचं खाद्य आणतो, पण कमी पडलेला असतो उजेड. थोड्या जागेत जनावरं आणि भाजीपाला एकत्र आला की असंच होतं: दुखणं एकीकडे दिसतं, मूळ दुसरीकडे असतं. शहरातून गावी परतलेल्यांच्या या चुका होतात, तशा पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखलेल्या घरांतही होतात. तिथे त्यांना ‘नजर लागली’ म्हणतात, एवढाच फरक.

शेळ्या आधी, चारा नंतर

बाजारात उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळ्या बघितल्या, भाव पटला, टेम्पोत घातल्या. घरी आल्यावर प्रश्न पडतो की खायला काय. मोठ्या शेळीला दिवसाला साधारण तीन-चार किलो हिरवा चारा आणि वर अर्धा-एक किलो कोरडी वैरण लागते. पाच शेळ्यांचा हिशेब मांडला की बांधावरचं गवत किती दिवस पुरेल ते लगेच कळतं. शेवरी, हादगा, तुती, सुबाभूळ ही झाडं शेळ्यांच्या आधी एक पावसाळा लावावीत. एकटी सुबाभूळ कापून टाकत राहणं मात्र चूक आहे. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, नाहीतर केस गळण्यापासून तक्रारी सुरू होतात.

कुंपणाचंही तेच. शेळी मागच्या पायांवर उभी राहून खाते, त्यामुळे कमरेएवढी जाळी म्हणजे तिला आमंत्रण. निरगुडी, अडुळसा यांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. त्यांचा दाट कूड परसबागेच्या कडेने लावला तर तो स्वस्तही पडतो आणि टिकतोही.

बाजारातून आणलेलं जनावर पहिल्याच दिवशी कळपात सोडू नये. दोन-तीन आठवडे वेगळं बांधा, पाण्याची बादलीही वेगळी ठेवा. नाकातून पाणी, ढाळ, खरूज, जे काही असेल ते या काळात बाहेर पडतं. लहान कळपात पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, यासारखा रोग शिरतो तो बहुतेकदा असा विकत घेऊनच आणलेला असतो.

उरलेला भात आणि शेळीचं पोट

लग्नसराईत शेळ्या मरतात त्या उपासमारीने नाही, पंगतीच्या उरलेल्या अन्नाने. भात, पोळ्या, जिलेबी, पिठाचे गोळे ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून एकदम पुढे ओततात. शेळीचं पोट पाल्यावर आणि वैरणीवर चालतं. पिष्टमय अन्न अचानक भरपूर गेलं की आत आम्ल तयार होतं. शेळी सुस्तावते, खाणं आणि रवंथ बंद होतो, दात खाते, डावी कूस दाबली तर आत पाणी हलल्यासारखं लागतं, मग आंबूस वासाचे ढाळ होतात. घरात शेळ्या असतील तर खाण्याच्या सोड्याचा डबा हाताशी हवा. मोठ्या शेळीला वीसएक ग्रॅम सोडा पाण्यात मिसळून हळूहळू पाजावा, बाकी सगळा खुराक बंद करून फक्त कोरडी वैरण ठेवावी आणि डॉक्टरांना बोलवावं. हा उपाय डॉक्टर येईपर्यंतचा आहे, त्यांच्याऐवजी नाही.

पोटफुगी वेगळी. तिच्यात डावी कूस ढोलासारखी फुगते, थोपटलं तर पोकळ आवाज येतो. कोवळा लसूणघास किंवा दवाने भिजलेला पाला रिकाम्या पोटी खाल्ला की हे होतं. इथे ५० ते १०० मिली गोडेतेल पाजतात, पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून शेळीला उभी करतात, जरा चालवतात. आडवी पडू द्यायची नाही.

पाजतानाची चूक मूळ दुखण्याहून जास्त महाग पडते. एकजण तोंड वर करून धरतो, दुसरा बाटली नरड्यात उलटी करतो, आणि तेल फुप्फुसात जातं. शेळी पोटफुगीतून वाचते आणि चार दिवसांनी न्यूमोनियाने जाते. डोकं आडव्या रेषेच्या किंचितच वर हवं, तेल गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडायचं, ठसका लागला की लगेच थांबायचं. जीभ ओढून धरायची नाही.

कोवळ्या ज्वारीबद्दल गावात सगळ्यांना माहीत असतं, तरी दर काही वर्षांनी कुणाची तरी गाय जातेच. पोटरीत येण्याआधीची, पावसाने ओढ दिल्यामुळे खुंटलेली, किंवा कापणीनंतर धसकटाला फुटलेली ज्वारी यांत हायड्रोसायनिक आम्लाचं विष असतं. जनावर खाता खाता थरथरतं, धापा टाकतं, कोसळतं. घरगुती उपायांत वेळ घालवू नये, यावर इंजेक्शनच लागतं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर रंगाने मोठा लिहून ठेवा, कारण अशा वेळी मोबाइलमध्ये नंबर सापडत नाही.

‘चांगलंच करडू गेलं’

पहिला पाऊस पडतो, लुसलुशीत गवत येतं, आणि कळपातलं सगळ्यात गुटगुटीत करडू सकाळी मेलेलं सापडतं. आदल्या संध्याकाळी उड्या मारत होतं. हा बहुतेकदा आंत्रविषार असतो. त्याचे जंतू आतड्यात आधीच असतात. भरपूर कोवळा चारा मिळाला की ते झपाट्याने वाढतात आणि विष सोडतात. म्हणून हावरं, धष्टपुष्ट पिल्लूच आधी जातं. लस पावसाआधी, म्हणजे मे-जूनमध्ये द्यायची असते. पहिल्यांदा देत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरा डोस लागतो, पुढे दरवर्षी एक. लोक एक डोस देतात, दुसरा विसरतात आणि मग लसीत दम नाही म्हणतात. पीपीआरची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं चालते, त्यामुळे तिची तारीख लक्षात राहत नाही. वहीतच लिहायला हवी.

जंताच्या औषधात दोन गोष्टी चुकतात. वजन अंदाजे आणि तेही कमी धरलं जातं, त्यामुळे डोस अपुरा पडतो. आणि वर्षानुवर्षं तेच एक औषध दिलं जातं, त्यामुळे जंत त्याला जुमानत नाहीत. साधा ताणकाटा विकत घ्या. गाभण शेळीला कोणतं औषध चालत नाही हे मात्र डॉक्टरांनाच विचारा, दुकानदाराला नाही.

कोंबड्या अंडी का देत नाहीत

गिरिराज, वनराज किंवा गावठी, कुठलीही कोंबडी असो, अंडी थांबली की आधी खाद्यावर संशय घेतला जातो. त्याआधी ही चार कारणं तपासा. हिवाळ्यात दिवस लहान होतो. नियमित अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाकाठी चौदा ते सोळा तास उजेड लागतो, तेव्हा पहाटे थोडा वेळ दिवा लावला तर फरक दिसतो. पिसं गाळण्याच्या काळात अंडी थांबतातच. तो आजार नव्हे, अंगावर नवी पिसं चढवण्याचा काळ असतो. खुडूक कोंबडी बसून राहते, अंडी देत नाही. तिला उबवायला बसवा, दहा-बारा अंडी पुरे, एकवीस दिवसांत पिल्लं निघतात. आणि चौथं कारण सगळ्यात साधं: ती अंडी देतेय, पण तुम्हाला नाही. कडब्याच्या गंजीमागे, अळवाच्या दाटीत एकदा हात घालून बघा.

पिल्लांच्या बाबतीत दिवा किती उंच टांगायचा हे विचारायची गरज नाही, पिल्लंच सांगतात. दिव्याखाली एकावर एक दाटी करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. कडेला पळून चोच उघडी ठेवून बसली असतील तर उकडतंय. सगळीकडे पसरून दाणे टिपत असतील तर ठीक. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, पुढे ती हळूहळू कमी करत जायची. वारा नको म्हणून खुराडं चहूबाजूंनी प्लास्टिकने बंद करणं ही पावसाळ्यातली नेहमीची चूक. विष्ठेतला अमोनिया आत कोंडतो, डोळ्यांतून पाणी येतं, सर्दी लागते. तुमच्या स्वतःच्या डोळ्यांना आत वाकल्यावर झोंबत असेल तर कोंबड्यांना त्याहून जास्त झोंबत असतं. खाली वाऱ्याला आडोसा, वर छताजवळ फट ठेवा, आणि ओलं झालेलं तूस त्याच दिवशी बाहेर काढा.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की कळपच्या कळप जातो. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालायचा असतो. अडचण अशी की बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची येते आणि घरात पिल्लं असतात वीस. म्हणून लोक ती अर्धी वापरून फ्रिजमध्ये ठेवतात. कालवलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते, नंतर ती नुसतं पाणी असते. शेजारच्या चार घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा, थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणावी आणि एका सकाळीत काम उरकावं. पिण्याच्या पाण्यातून देणार असाल तर नळाचं टीसीएल (जंतू मारायची पावडर) घातलेलं पाणी वापरू नका, त्याने लस मरते. विहिरीचं पाणी घ्या, त्यात थोडी दुधाची भुकटी मिसळा.

आणि रात्री. कोंबडजाळी कोंबड्यांना आत ठेवायला बरी असते, रानमांजराला किंवा कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. मुंगूस जाळीखालची माती उकरतो. तळाला फूटभर जाळी जमिनीत गाडा किंवा फरशी करा. सांडलेले दाणे रोज झाडून काढा. दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे नाग येतो, आणि अंडी काढायला अंधारात हात घालणारी बहुधा घरातली बाई असते. खुराड्यात बॅटरीशिवाय हात घालायचा नाही, हा नियम मुलांनाही लावा.

ओलं शेण, राख आणि परसबाग

गोठा शेजारीच आहे म्हणून ताजं शेण थेट वाफ्यात टाकलं जातं. त्यातून तण येतं, वाळवी येते आणि हुमणीला अंडी घालायला आयती जागा मिळते. वळवाचे पाऊस झाले की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. त्या आठवड्यात रात्री फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत. हे काम एकट्याने करून उपयोग नाही, वाडीने मिळून करावं लागतं. पाणी असूनही रोप सुकत असेल तर पाणी वाढवण्याआधी एक रोप उपटून मुळं बघा.

शेणखत ओल राखून, मधूनमधून वरखाली करत चार-सहा महिने कुजवावं. मुठीत घेतलं की भुसभुशीत, गरम नाही, वास मातीचा, म्हणजे तयार झालं. कोंबडखत तर न कुजवता रोपाच्या बुंध्याशी कधीच नको, मुळं करपतात.

चुलीची राख सगळीकडे अमृत नाही. कोकणातल्या तांबड्या, आम्ल मातीत ती उपयोगी पडते. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत पाट्या भरभरून टाकली तर नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग खत कमी पडलं असं समजून आणखी राख टाकली जाते.

वेलांबद्दलची तक्रार नेहमी एकच असते: फुलं येतात, गळतात, फळ धरत नाही. पहिली फुलं नर असतात, ती गळणारच. मादी फुलामागे इवलं फळ दिसतं, ते दिसेपर्यंत धीर धरा. हाताने परागीकरण सकाळी करा असं सरसकट सांगितलं जातं, ते तांबड्या भोपळ्याला लागू आहे. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी फुलतात, त्यांचं काम दिवेलागणीलाच करावं लागतं. दुधी नुसताच पानांनी माजला असेल तर शेणखत थांबवा आणि मुख्य वेलाचा शेंडा खुडा. बाजूच्या फुटव्यांवर मादी फुलं जास्त येतात.

पिवळी पडून सडणारी कोवळी फळं म्हणजे फळमाशी. ती फळं उकिरड्यावर फेकली की अळ्या तिथेच मातीत कोष करतात आणि माश्या परत मांडवावर येतात. गोळा करून फळं खोल पुरा. वेल मांडवावर चढल्यानंतर संध्याकाळी तासभर कोंबड्या खाली सोडा, माती उकरून त्या कोष वेचतात. रोपं लहान असताना सोडल्या तर रोपंच उकरतील.

फवारणीत निंबोळी अर्क सगळ्यात सुरक्षित: लिटरला ५० ग्रॅम ठेचलेली निंबोळी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, गाळून, बाकीचं पाणी आणि थोडं साबणाचं पाणी घालून, ताजाच वापरायचा. रासायनिक औषध मारलंच तर त्या वाफ्यातली खुडलेली कोबीची, मुळ्याची पानं शेळ्यांपुढे जाणार नाहीत हे बघा. डब्यावर काढणीआधी जितके दिवस थांबायला सांगितलेले असतात, तितके दिवस जनावरांसाठीही थांबायचं. भाजी घरात कधी शिजवायची हे सगळे मोजतात, देठं-पानं गव्हाणीत कोण टाकतंय ते कुणी विचारत नाही.

चार दिवस गावाला जाताना

शेजारच्या मुलाला ‘जरा बघ रे’ सांगून जाणं पुरत नाही. तो प्रेमाने दुप्पट पेंड घालतो आणि पोट तिथेच बिघडतं. खुराकाची वाटी ठरवून द्या, आठवडाभर आधीपासून त्याच्याच हाताने घालू द्या. पेंडीचं पोतं संपत आलं असेल तर जाण्याआधीच त्याच कंपनीचं नवं आणून ठेवा. बदलायचंच असेल तर आल्यावर, जुन्यात नवं मिसळत आठ-दहा दिवसांत बदला.