बागुलबुवाच्या मागे तीन पोरं : उजाड जगातल्या एकांड्या रक्षकाची कथा कशी लिहावी

उद्ध्वस्त जग, त्यात मोकाट फिरणारे राक्षस, माणसांपासून तोंड लपवणारा विचित्र शरीराचा एक एकांडा माणूस आणि त्याच्या गळ्यात पडलेली दोन-तीन पोरकी मुलं. अशी कथा लिहायला सोपी वाटते, कारण तिची वाट सगळ्यांना पाठ आहे. तो आधी नाही म्हणणार, मग लळा लागणार, मग जिवावर उदार होणार. आणि बिघडते तीही बहुधा एकाच जागी: नायकाचा नकार खोटा असतो. तो नुसता कुरकुरतो. गडी आतून मऊ आहे हे वाचकाला पहिल्याच पानावर कळतं आणि पुढची पानं तो विरघळायची वाट बघण्यात जातात.

नकार खरा हवा. पोरांना सोबत घेतलं तर आपण मरू आणि बहुतेक पोरंही मरतील, हा त्याचा हिशेब वाचकालाही पटला पाहिजे. तो कसा जमवायचा हे एकच कथा रचत रचत पाहू. माप दिवाळी अंकाचं धरा, तीन-चार हजार शब्द.

१. आधी जागा, प्रलय नंतर

‘उजाड प्रदेश’ म्हटलं की नवखा लेखक वाळवंट लिहितो. त्यापेक्षा पायाखालची एखादी खरी जागा घ्या आणि तिच्यातून माणसं काढून टाका. मी कुकडीचं खोरं घेतो. खालच्या अंगाला निघोजचे रांजणखळगे आहेत. नदीच्या पात्रातल्या काळ्या बेसाल्टमध्ये दगडगोटे गरगरून पडलेले हे खड्डे, काही माणूस गडप होईल एवढे. वर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या एकूण ३० तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. त्यातल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरात आहेत आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरल्यात. त्याहून वर जुन्नर आणि शिवनेरी. किल्ल्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पोरांना कुठून कुठे न्यायचं हा प्रश्न इथेच सुटला: नदीच्या कडेने वर, टाक्यांच्या पाण्यापर्यंत.

प्रलयाला दोन वाक्यं पुरतात. काय झालं हे पात्रांनाही नीट माहीत नसू द्या. काय उरलं ते मात्र नेमकं लिहा. साठ वर्षं लोटली असतील तर गाड्या पळवू नका, पेट्रोल वर्षभरातच खराब व्हायला लागतं. काँक्रीट, कातळ, काचेच्या बाटल्या टिकतात. नदीकाठी कुठे कुठे आपोआप फुटत राहिलेला ऊस असू शकतो. तो पुढे कामाला येणार आहे.

२. राक्षसाला एकच नियम द्या

दात, नखं, लाळ यांची वर्णनं वाचक दुसऱ्या पानावर विसरतो, नियम विसरत नाही. जुन्नर भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. तिथे बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालते, म्हणून माणसं काही नियम पाळून जगतात: तिन्हीसांजेला पोरांना एकटं सोडायचं नाही, अंधारात उसाच्या कडेला वाकून काम करायचं नाही. भीती त्या नियमांत असते, बिबट्या दिसो न दिसो.

आपल्या राक्षसाचा नियम डासाकडून उसना घेऊ. डास आपल्याला हुडकतो त्यात आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा असतो. हवेत हा वायू ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो, आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभरपट. आता वासराएवढं, जवळपास आंधळं, फक्त श्वासाच्या मागावर येणारं एक जनावर कल्पा. लोक त्याला हुंग्या म्हणतात. नाव लोकांनीच ठेवलेलं वाटावं. ग्रीक-लॅटिन नावं शास्त्रज्ञ ठेवतात आणि या जगात शास्त्रज्ञ उरलेला नाही.

एवढ्या एका नियमातून कितीतरी गोष्टी आपोआप निघतात. वारा कुठून आहे हे सगळ्यांना सतत बघावं लागतं. उंच, वाऱ्याची जागा बरी, खोलगट जागा वाईट. पडक्या विहिरीत पालापाचोळा कुजून हाच वायू साचतो, म्हणून जुनी माणसं विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडून बघत. आपल्या जगात अशा विहिरींभोवती हुंगे घिरट्या घालत बसतात. आणि मुख्य म्हणजे एकटा माणूस निसटू शकतो, घोळका सापडतो.

३. नायकाच्या देणगीला किंमत लावा

किरणोत्सार अंगावर पडला आणि माणूस बदलला, ही सोय आता सोडून द्यावी. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांचा अनेक दशकं अभ्यास झाला आणि त्यांच्यात आनुवंशिक बिघाडांची ठळक वाढ आढळली नाही. नायक तसाच जन्मलेला असू द्या. कारण देत बसू नका.

त्याला एकच वेगळेपण द्या, आणि तेही खऱ्या शरीराच्या जवळ राहणारं. अमेरिकेतलं काळं अस्वल शीतनिद्रेत आपल्या शरीराचा व्यवहार एक चतुर्थांशावर आणतं. आपला नायक हे हवं तेव्हा करू शकतो. तो निपचित पडतो, श्वास जवळजवळ थांबवतो आणि हुंग्या त्याच्या अंगावरून निघून जातो.

आता किंमत. शरीरात जळण कमी म्हणजे ऊब कमी. तो गार पडतो, बोटं वळत नाहीत, डोकं चालत नाही. परत माणसात यायला त्याला तासभर ऊन लागतं. शिवाय ही युक्ती फक्त पडून राहिलं तरच चालते. अडीच वर्षांचं पोर सुमारे १२ किलोचं असतं. ते कडेवर घेऊन चढ चढला की त्याचा श्वास चारचौघांसारखाच फुलणार. म्हणजे ज्या गोष्टीने तो आजवर जगला, ती पोरं सोबत आली त्याच क्षणी निकामी होते. हा झाला खरा नकार. ‘मला कुणाची गरज नाही’ असं एकही वाक्य त्याच्या तोंडी घालावं लागत नाही.

त्याचं एकटेपणही याच शरीरातून येऊ द्या. लहानपणी तो असा गार पडला, घरच्यांनी मेला समजून रडारड केली आणि संध्याकाळी तो उठून बसला. पुढे वस्तीने काय केलं असेल हे वाचक स्वतःच जुळवतो. आता त्या खोऱ्यातल्या आया पोरांना दटावतात, “झोप, नाहीतर बागुलबुवा येईल,” तो बागुलबुवा म्हणजे हाच. सबंध कथेत त्याला दुसरं नाव दिलं नाही तरी चालेल.

४. मुलं मोजून घ्या

तीन बरी. दोघं असली की जोडी होते, चार झाली की गर्दी. आपली तिघं अशी: मंदा ११ वर्षांची, गण्या ७ वर्षांचा, चिंगी अडीच वर्षांची. ही गुऱ्हाळावरच्या वस्तीतून निघालीत आणि वस्ती आता नाही.

गोडगोड पोरं लिहू नका. मंदाला निर्णय घ्यायची सवय लागलीय आणि तिला हा माणूस पसंत नाही. गण्याला सगळं विचारायचं असतं. चिंगीला कशाचीच समज नाही, आणि तिथेच खरा धोका आहे. मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, एवढं पोर २५ ते ४० घेतं, रडायला लागलं की आणखी. तिला गप्प कसं करायचं हा प्रश्न कथेत निदान दोनदा यावा.

५. पाण्याचा आणि पावलांचा हिशेब

या पायरीला कंटाळू नका, अर्धी कथा इथेच मिळते.

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. पालखीला मुक्काम धरून जवळपास वीस दिवस लागतात. म्हणजे सरळ रस्ता, वाटेत टँकर, जेवणाच्या पंगती, सोबतीला लाखो माणसं आणि तरी दिवसाला सरासरी १२-१३ किलोमीटर. काटेरी, मोडक्या प्रदेशात लहान पोरांना घेऊन दिवसाला ८ किलोमीटर झाले तरी खूप. नकाशावर तुमचं अंतर मोजा आणि भागाकार करा, दिवस निघतील.

मग पाणी. मे महिन्यात चालणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला तीन-चार लिटर लागतं, पोरांना त्याहून कमी. चौघांचे मिळून ८-९ लिटर धरा. तेवढेच किलो झाले. त्यात चिंगीचे १२. हे सगळं एका माणसाच्या पाठीवर, आणि तो धापा टाकू शकत नाही, कारण धाप म्हणजे हुंग्याला आमंत्रण. दोन दिवसांचं पाणी उचलणं शक्य नाही, म्हणजे रोज नदीवर उतरावं लागणार. नदी मात्र खोलगट भागातून वाहते. बघा, खलनायकाने काही कट रचला नाही आणि पेच तयार झाला.

नदीचं पाणी गढूळ नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास ठेवलं की त्यातले बरेचसे जंतू मरतात. जाळ न करता पाणी पिण्याजोगं करायची ही खरी पद्धत आहे. कथेच्या दृष्टीने तिची मजा अशी की सहा तास जागचं हलता येत नाही. एकमेकांशी बोलायची इच्छा नसलेली चार माणसं, रांजणखळग्यांच्या वरच्या कातळावर, उन्हात बाटल्या मांडून. संवाद लिहायला याहून चांगली जागा शोधू नका.

६. लळा दाखवू नका, सवलती मोजा

तो ‘बदलतो’ असं कुठेही लिहू नका. त्याला छोट्या छोट्या सवलती द्यायला लावा आणि प्रत्येक वेळी कारण व्यवहाराचं असू द्या. ‘पुलापर्यंत सोडतो, तिथून वाट सरळ आहे.’ पूल पडलेला निघतो. ‘रात्र काढा, सकाळी जा.’ सकाळी वारा उलटा. नमुना म्हणून त्या कातळावरचाच तुकडा:

“तुमी मेला व्हता का मगाशी?” गण्यानं विचारलं.

“न्हाय.”

“मग हात गार कशापायी?”

“हात सोड.”

गण्यानं सोडला नाही. बाटल्यांच्या सावल्या आखूड होत गेल्या, तरी दोघं तसेच बसून होते.

इथे मायेचा एकही शब्द नाही. पण एक गोष्ट पेरली गेली: पोराच्या अंगच्या उबेने तो लवकर माणसात येतो. उन्हाला तासभर लागतो, गण्याच्या हाताला त्याहून कमी. पोरं म्हणजे नुसता बोजा, हा त्याचा हिशेब पहिल्यांदा इथे चुकतो. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, हे सांगू नका.

बोलीबद्दल एक सूचना. पोरांच्या तोंडी त्या भागाची बोली ठेवा, निवेदन साधं ठेवा. निवेदनही बोलीत नेलं तर तीन हजार शब्दांत लेखक दमतो, वाचक त्याआधीच.

७. सुटका पोरांच्या हाताने व्हावी

शेवटचा मोठा प्रसंग खोडदला. चौघं एका तबकडीखालच्या काँक्रीटच्या मनोऱ्यावर चढून झोपतात. वरची जाळी बारीक तारांची, वारा आरपार जातो, श्वास विखुरला जातो. पहाटेच्या आधी वारा पडतो. खाली हुंगे जमायला लागतात.

इथे हात आवरा. नायकाने खाली उडी मारून बळी जायचं, हे दहापैकी नऊ कथांत होतं आणि तेवढ्याने पोरं वाचतातच असंही नाही. उपाय मंदाकडे आहे, कारण ती गुऱ्हाळावर वाढलीय. उसाचा रस ठेवला की आंबतो आणि फसफसतो हे तिला कुणी शिकवायला नको. तुम्ही मात्र आकडेमोड करून घ्या. साखर आंबली की तिच्या वजनाच्या जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड होतो. रसात साधारण १५ टक्के साखर धरली तर १३-१४ लिटरच्या एका मडक्यात दोन किलो साखर, म्हणजे सुमारे एक किलो वायू. माणूसही दिवसभरात साधारण एवढाच सोडतो. चार मडकी म्हणजे हुंग्याच्या लेखी चार माणसं. आदल्या दिवशी नदीकाठच्या उसाजवळ मडकी भरून ठेवल्याचा प्रसंग आधीच लिहून टाका, तिथे तो नुसता गोडाचा हट्ट वाटू द्या.

ती मडकी आता हुंग्यांच्या मधून दूर सरकवायची आहेत. हे काम एकच माणूस करू शकतो, तेही गार पडून, इंचाइंचाने. मघाशी मी म्हटलं की युक्ती पडून राहिलं तरच चालते. तो नियम इथे मोडू नका, ताणा: चार पावलं सरपटायचं, मग पडून राहायचं, पुन्हा चार पावलं. प्रत्येक खेपेला तो अधिक गार होतो. चौथं मडकं जागेवर जाईस्तोवर हुंगे निघून गेलेत, पण त्याला उठता येत नाही आणि ऊन यायला वेळ आहे. मग पोरं खाली उतरतात. बागुलबुवाला मध्ये घेऊन तिघं झोपतात, एवढंच लिहा.

८. शेवट आणि काटछाट

शिवनेरीच्या दरवाजात वस्ती पोरांना आत घेईल, त्याला घेणार नाही. हे स्वाभाविक आहे, त्यावर भाषणं नकोत. निवड मंदाने करावी. ती आत गेली तरी कथा पुरी होते, बाहेर राहिली तरीही. तो मात्र कुणाचा बाप होऊ नये. तीन हजार शब्दांत तेवढं पटत नाही.

पहिला खर्डा झाला की एका कागदावर प्रसंगांची यादी करा आणि प्रत्येकासमोर तीन रकाने आखा: वारा कुठून आहे, पाणी किती उरलंय, तो किती गार आहे. ज्या प्रसंगापुढे तिन्ही रकाने कोरे राहतील तो काढून टाका. बहुधा तो प्रलय समजावून सांगणारा उतारा निघतो.