वेलेबितच्या चुनखडीत चालायला जाताय? या चुका टाळा

क्रोएशियाच्या किनाऱ्याला समांतर गेलेली वेलेबितची रांग साधारण १४५ किलोमीटर लांब आहे. तिचं सर्वोच्च शिखर वागान्स्की वर्ह १७५७ मीटरचं, म्हणजे कळसूबाईपेक्षा शंभरेक मीटरच जास्त. हा आकडा ऐकून सह्याद्रीत मुरलेला ट्रेकर निर्धास्त होतो, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. कळसूबाईच्या पायथ्याचं गाव मुळातच उंचावर आहे. इथे चढाई थेट समुद्राच्या पाण्यापासून मोजायची. शिवाय सह्याद्रीचा कातळ पाणी धरून ठेवतो, वेलेबितची चुनखडी ते गिळून टाकते.

वर पाणी मिळेलच, हे गृहीत धरणं

गडावर टाकं असतं, ही आपली सवय. वेलेबितवर पाऊस भरपूर पडतो, तरी १५०० मीटरवर तुम्हाला ओढा दिसणार नाही. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड चुनखडीला हळूहळू खातो, भेगा रुंदावतात आणि पाणी सरळ पोटात उतरतं. ते बाहेर येतं थेट किनाऱ्यावर. काही ठिकाणी तर समुद्राच्या तळातूनच गोड्या पाण्याचे झरे फुटतात. स्थानिक लोक त्यांना ‘वृल्ये’ म्हणतात. डोक्यावर ढग आणि पायाखाली पाणी, पण तुमच्या बाटलीत काही नाही, अशी गत होते.

हिशोब असा ठेवा. उन्हाळ्यात उत्तर वेलेबितमधल्या झाविझान ते आलान या दिवसभराच्या टप्प्याला माणशी किमान ३ लिटर. समुद्रकिनाऱ्यावरून चढून येणार असाल तर ४, कारण समुद्राकडची बाजू उघडी-बोडकी आहे आणि पांढरा दगड ऊन खालूनही फेकतो. पाण्याच्या भरवशाची ठिकाणं म्हणजे निवासाची सोय असलेल्या पर्वतगृहांच्या टाक्या, आणि त्यातही छपरावरून साठवलेलं पावसाचंच पाणी असतं. बिनकुलपाच्या छोट्या निवाऱ्यांजवळच्या टाक्या ऑगस्टमध्ये तळाला गेलेल्या असू शकतात. म्हणून जिथे पाणी मिळेल तिथे सगळ्या बाटल्या भरून घ्या. ‘पुढे भरू’ हा बेत इथे चालत नाही. अर्ध्या वाटेवर पोचायच्या आत अर्धं पाणी संपलं असेल तर मागे फिरा.

टाकीचं पाणी उकळून किंवा गाळून प्या. बादली काढून झाली की झाकण नीट बसवा. झाकण बोटभर जरी उघडं राहिलं तरी उंदीर आत पडतो आणि पुढच्या आठवड्यात येणाऱ्यांचं पाणी नासतं. नकाशावर ‘लोक्वा’ लिहिलेलं असतं ते गुरांसाठीचं डबकं. फारच गरज पडली तर ते पाणी आधी रुमालातून गाळा, नाहीतर फिल्टर गाळाने लगेच बुजतो. आणि मग उकळा.

वाट सोडून दहा पावलं आत जाणं

उत्तरेकडची प्रेमुझिच वाट झाविझानपासून बाश्के ओश्तारियेपर्यंत ५७ किलोमीटर जाते. वनअभियंता आंते प्रेमुझिच यांच्या आखणीनुसार १९३० ते १९३३ या काळात ती बांधली गेली. चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचलेली ही वाट इतक्या मंद चढाने जाते की रोझान्स्की कुकोवीच्या सुळक्यांमधूनही बागेत फिरल्यासारखं वाटतं. नेमका इथेच घात होतो. वाट सोपी म्हणजे आजूबाजूची जमीनही सोपी असणार, असं वाटून लोक फोटोसाठी किंवा शॉर्टकटसाठी कडेला उतरतात.

कडेला काय असतं ते जवळून पाहा. पावसाने कापलेले दगडाचे पाते-पाते उभे असतात, त्यांना ‘श्क्रापे’ म्हणतात. दोन पात्यांमधली फट तळव्याएवढी रुंद आणि गुडघ्याएवढी खोल; वरून बीच वृक्षाच्या वाळलेल्या पानांनी सपाट झाकलेली. पाऊल पानांवर पडतं, पाय खाली जातो आणि शरीर पुढेच जात राहतं. घोटा नाहीतर नडगी मोडते ती अशी. ट्रेकिंग पोलचंही तेच: टोक फटीत अडकतं आणि पुढच्या पावलाला पोल वाकतो. श्क्राप्यांमधून जायचंच असेल तर पट्टा मनगटातून काढून ठेवा, नाहीतर पोलबरोबर खांदाही ओढला जातो.

त्याहून मोठी भीती विवरांची. शेजारच्या हायदुच्की कुकोवी भागातलं लुकिना यामा हे विवर १४३१ मीटर खोल आहे. अशी खोल विवरं याच डोंगरात आणखी आहेत, आणि सगळ्यांच्याच तोंडाशी कठडा असतो असं नाही. भर उन्हाळ्यात घोट्यांना अचानक गार झुळूक लागली तर थांबा. जवळपास जमीन उघडी आहे. बर्फ असेल तर धोका दुप्पट, कारण तोंडावर बर्फाचा पातळ पूल धरलेला असतो. गोल आकारात किंचित खचलेला, कडेला काळपट दिसणारा बर्फ दिसला की लांबून वळसा घ्या. सावलीतल्या खळग्यांत बर्फ उन्हाळ्यातही टिकतो, तेव्हा ‘आता जून आहे’ ही सबब चालणार नाही. हायदुच्की आणि रोझान्स्की कुकोवी १९६९ पासून कडक संरक्षित आहेत. तिथे वाट सोडणं नियमातच बसत नाही.

खुणा न वाचता पायाखालची वाट धरणं

इथली खूण म्हणजे झाडावर किंवा दगडावर रंगवलेला पांढरा ठिपका आणि भोवती लाल वर्तुळ. चुकणाऱ्यांची तक्रार एकच: ‘मळलेली वाट होती हो!’ असेल, पण ती ढोरवाट. मेंढ्या आणि गुरं पाण्याकडे जातात, निवाऱ्याकडे नाही. दहा मिनिटं चालूनही खूण दिसली नाही तर पुढे शोधत बसू नका, शेवटच्या खुणेपर्यंत परत या. ती सापडली की तिथेच उभं राहून पुढची खूण डोळ्यांनी शोधा. उलट दिशेने येणाऱ्यांसाठी रंगवलेली खूण कधी कधी दगडाच्या मागच्या अंगाला असते.

धुक्यात खळग्यांचा प्रदेश फार फसवा. सगळे खळगे सारखेच दिसतात आणि उतारावरून दिशा ओळखायची सोय राहत नाही, कारण प्रत्येक उतार कुठल्यातरी खळग्याच्या तळाशीच संपतो. ‘ओढ्याच्या कडेने खाली उतरा’ हा सह्याद्रीतला शेवटचा उपाय इथे निरुपयोगी आहे, कारण ओढाच नाही. ऑफलाइन नकाशा, कागदी नकाशा आणि होकायंत्र, तिन्ही बरोबर हवेत.

निळं आकाश पाहून निघणं

इथल्या ईशान्य वाऱ्याचं नाव ‘बुरा’. नावाप्रमाणे वागतो, असं म्हणायला आपण मोकळे. लिका प्रांताच्या, म्हणजे जमिनीकडच्या बाजूला थंड, जड हवा डोंगरामागे साचते आणि खिंडींमधून समुद्राकडे कोसळते. कोसळताना वेग वाढतो, म्हणून शिखरापेक्षा खिंडीत आणि पायथ्याशी तो जास्त झोडपतो. जोराच्या झोतांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. आणि किनाऱ्यावर त्या वेळी आकाश स्वच्छ असू शकतं! नुसतं आकाश पाहून निघणारा म्हणूनच फसतो.

पाहायच्या खुणा दोन. धारेवर ढगाची टोपी जागची न हलता बसलेली दिसते. आणि किनाऱ्याजवळचं पाणी पांढरं होऊन धुरासारखे फवारे उडायला लागतात. यातलं एक जरी दिसलं तरी धारेवरचा बेत रद्द करा. किनाऱ्यावरच्या गावाचा अंदाज वाचून भागत नाही. क्रोएशियाच्या हवामान खात्याचे इशारे आणि झोतांचा वेग पाहा. झाविझानला १५९४ मीटरवर हवामान केंद्र आहे, १९५३ पासून चालू. वर आत्ता काय आहे ते तिथल्या नोंदीवरून कळतं.

धारेवर सापडलातच तर पहिलं काम, सॅकचं रेनकव्हर काढून आत कोंबा. वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि तेच माणसाला पाडतं. सॅकचे सगळे पट्टे आवळा, खिंड वाकून किंवा रांगत ओलांडा आणि झाडीत किंवा खोल खळग्यात शिरा. रात्र काढायची वेळ आली तर खळग्याचा अगदी तळ टाळा. थंड हवा तळाशी साचते, इतकी की काही खळग्यांत थंडीतली झाडं खाली आणि उबेतली वर, अशी उलटी रचना दिसते. मधल्या उतारावर आडोसा शोधा.

दक्षिणेचा ‘युगो’ वारा वेगळा त्रास देतो: दमट हवा, धुकं, पाऊस. ओल्या चुनखडीवर बूट घसरतो, आणि दक्षिण वेलेबितमधल्या पाक्लेनित्साच्या घळीत तर हजारो पावलांनी दगड आधीच गुळगुळीत केलेत.

वेळ आणि परतीचा हिशोब चुकवणं

पाट्यांवरचे तास विश्रांती न धरता लिहिलेले असतात. जेवण, फोटो, पाणी धरून त्यात किमान एक तृतीयांश वाढवा. वेलिका पाक्लेनित्साच्या घळीतून निघणारे एक ठरलेली चूक करतात: ४८० मीटरवरच्या पर्वतगृहाला मधला मुक्काम समजतात. तिथून वागान्स्की वर्हला अजून १२७७ मीटर चढायचं बाकी असतं. किनाऱ्यावरच्या स्तारिग्रादहून शिखर आणि परत, एका दिवसात, हा बेत फक्त पहाटे निघणाऱ्या आणि सवय असलेल्या माणसांसाठी. बाकीच्यांनी पर्वतगृहात रात्र काढावी. ते हंगामाबाहेर रोज उघडं असेलच असं नाही, आधी फोन करून विचारा. माला पाक्लेनित्साची घळ मोठमोठ्या धोंड्यांची आहे. ती चढताना घ्या, उतरताना नाही.

प्रेमुझिच वाटेची अडचण वेगळी. तिचं एक टोक दुसऱ्यापासून ५७ किलोमीटर दूर, आणि गाडी झाविझानला. सगळी वाट करायला साधारण ३ दिवस लागतात: आलान, स्कोर्पोवात्स असे मुक्काम. एकच दिवस असेल तर झाविझान ते रोस्सी निवारा आणि त्याच वाटेने परत. वाटेचा सर्वात देखणा भाग एवढ्यात येतो. आलानहून याब्लानात्सला उतरून किनाऱ्यावरची बस पकडता येते, पण तो उतार १३०० मीटरचा आहे, सावली नाही, पाणी नाही. गुडघ्यांना आधी विचारा.

थोडक्यात सांगण्यासारखं

दगडावर हात टेकण्याआधी पाहा. पोस्कोक हा नाकावर शिंग असलेला विषारी साप आपल्या घोणशीच्या कुळातला आहे, आणि त्यालाही तापलेला दगड आवडतो. दंश झाला तर कापू नका, चोखू नका, आवळपट्टी बांधू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, हात किंवा पाय स्थिर बांधा आणि माणसाला चालवू नका.

दक्षिणेला, स्वेतो ब्र्दो आणि तुलोवे ग्रेदे या भागात, १९९१ ते १९९५ च्या युद्धात सुरुंग पेरले गेले होते. ते काढण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. कवटीचं चित्र असलेली लाल पाटी दिसली तर आल्या पावली, आलेल्याच वाटेने मागे फिरा. जमिनीवरची कुठलीही धातूची वस्तू उचलू नका.

राष्ट्रीय उद्यानांत तिकीट लागतं, तंबू वाटेल तिथे ठोकता येत नाही. १ जानेवारी २०२३ पासून चलन युरो आहे. पर्वतगृहांसाठी सुटे, रोख ठेवा.

अपघात झाला तर ११२. डोंगरी बचाव पथकाला तिथूनच कळवलं जातं. लिकाकडच्या उतारावर आणि खळग्यांत रेंज जाते, तेव्हा फोन लावायला धारेवर किंवा उघड्या उंचवट्यावर या आणि या क्रमाने सांगा: कोणत्या वाटेवर, कुठून कुठे जाताना, शेवटची पाटी किंवा निवारा कोणता, फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश, किती माणसं, काय झालंय, वारा कसा आहे. मग फोन ठेवू नका. पलीकडचा माणूस ‘ठेवा’ म्हणेपर्यंत थांबा.